आदिजीव आदिकेंद्रकी नसतात: एकपेशीय जगातल्या शब्दांची उकल

'अमीबा हा आदिजीव आहे, म्हणून तो आदिकेंद्रकी आहे.' हे वाक्य ऐकायला बिनचूक वाटतं. दोन्ही शब्दांत 'आदि' आहे, दोन्ही शब्द साधारण एकाच धड्याच्या आसपास भेटतात, आणि अमीबा हा अगदी साधा, प्राथमिक जीव असल्याचं सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. तरीही वाक्य साफ चूक आहे. अमीबाच्या पेशीत पटलाने वेढलेलं, पुरतं घडलेलं केंद्रक असतं, म्हणजे तो दृश्यकेंद्रकी. आदिकेंद्रकी म्हणजे ज्यांच्या पेशीत असं केंद्रक नसतंच ते सजीव: जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे एकपेशीय सजीव). 'आदिजीव'मधला 'आदि' जीवाला लागला आहे आणि 'आदिकेंद्रकी'मधला केंद्रकाला. एवढं लक्षात आलं की गोंधळ संपतो.

हे दोन शब्द वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. 'प्रोटोझोआ' म्हणजे 'पहिले प्राणी' हे नाव गोल्डफुस यांनी 1818 साली दिलं, तेव्हा पेशीसिद्धान्तही मांडला गेला नव्हता. त्यांच्या गटात आज आपण बहुपेशीय म्हणतो असे प्राणीही होते. प्रोटोझोआ म्हणजे एकाच पेशीचे प्राणी, असा अर्थ फॉन सीबोल्ड यांनी 1845 साली पक्का केला. 'आदिजीव' हा त्याचा मराठी अवतार. आदिकेंद्रकी आणि दृश्यकेंद्रकी ही जोडी शातों यांच्या 1925 सालच्या लेखनातून आली आणि स्टॅनियर व व्हान नील यांच्या 1962 सालच्या निबंधानंतर सर्वत्र रुळली. पहिल्या शब्दाचा प्रश्न 'हा प्राण्यासारखा वागतो का' हा होता. दुसऱ्या जोडीचा प्रश्न 'पेशी उघडून पाहिली तर आत काय दिसतं' हा होता. प्रश्न वेगळे असल्यामुळे उत्तरं एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत.

एकपेशीय सजीवांबद्दल मराठीत वाचताना, लिहिताना किंवा शिकवताना होणाऱ्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. प्राणी समजलेला असतो, फसवतो तो शब्द. म्हणून हा लेख शब्दांवर.

'एकपेशीय' या शब्दापासूनच सुरुवात करू. हा शब्द नातं सांगत नाही, फक्त मोजणी सांगतो. यीस्ट एकपेशीय आहे, पॅरामेशियम हा डबक्यातला आदिजीव एकपेशीय आहे, ई. कोलाय हा जीवाणूही एकपेशीय आहे. पण यीस्ट ही कवकांतली आहे आणि कवकं ही प्राण्यांची तुलनेने जवळची नातेवाईक आहेत. म्हणजे यीस्टचं आपल्याशी नातं तिच्या आणि ई. कोलायच्या नात्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे. 'एकपेशीय' हा एक वर्ग समजणं म्हणजे एकटे राहणारे सगळे एकाच घराण्यातले समजण्यासारखं आहे.

'एकपेशीय' आणि 'सूक्ष्म' हेही समानार्थी नाहीत. साध्या डोळ्यांना साधारण 0.1 मिलिमीटरपर्यंतचा ठिपका कळतो. पॅरामेशियम कॉडेटम 0.2 ते 0.3 मिलिमीटर लांब असतो, म्हणजे काळ्या कागदावर ठेवलेल्या काचेच्या नळीत तो पांढऱ्या कणासारखा सरकताना दिसतो. स्टेंटर हा आदिजीव 2 मिलिमीटरपर्यंत ताणला जातो. ॲसिटॅब्युलेरिया हे समुद्री शैवाल छत्रीच्या आकाराचं, काही सेंटिमीटर उंच आणि तरीही एकाच पेशीचं. जीवाणू तरी बारीकच असतात ही समजूतही टिकलेली नाही. 2022 साली वर्णन झालेला थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा जीवाणू सुमारे 1 सेंटिमीटर लांबीचा धागा असतो. उलट बाजूला रोटिफर हा बहुपेशीय प्राणी पाहा. त्याच्या शरीरात सुमारे एक हजार पेशी, तोंड, आतडं, स्नायू सगळं असतं आणि तो बऱ्याच पॅरामेशियमांहून लहान भरू शकतो. 'सूक्ष्मजीव' हा शब्द आकारासाठी ठेवावा, 'एकपेशीय' हा रचनेसाठी.

मोजमापाच्या बाबतीत एक सवय लावून घेतली तर फार उपयोग होतो. सगळं मायक्रोमीटरमध्ये बोलावं (जुन्या पुस्तकांतला 'मायक्रॉन' तोच), 1 मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रोमीटर. ई. कोलाय सुमारे 2, माणसाची तांबडी रक्तपेशी 7 ते 8, यीस्ट 5 ते 10, पॅरामेशियम 200 ते 300, अमीबा प्रोटियस 250 ते 750. हे पाच आकडे पाठ असले की सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी वस्तू काय असू शकत नाही, हे लगेच कळतं.

पेशी, जंतू आणि शेपटीला लागलेला अणू

मराठीत पेशी म्हणजे सजीवाचं एकक. मराठी विश्वकोशाच्या नोंदींत 'कोशिका'ही भेटते, अर्थ तोच. हिंदी पुस्तक शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्यांनी मात्र जपावं. हिंदीत कोशिका म्हणजे पेशी, आणि हिंदीतली 'पेशी' म्हणजे आपला स्नायू. 'मांसपेशी' हा तिकडचा शब्द जसाच्या तसा उचलला की मराठी वाक्याचा अर्थच बदलतो.

'जंतू' हा मूळचा सर्व प्राणिमात्रांसाठीचा शब्द, 'जीवजंतू' या जोडीत तो अर्थ अजून टिकून आहे. बोलीत तो रोग पसरवणाऱ्या कोणत्याही अदृश्य जिवापुरता उरला. त्याचाच भाऊ 'जंत' आतड्यातल्या कृमींकडे गेला. जंत बहुपेशीय असतात, डोळ्यांना दिसतात, त्यांची औषधं वेगळी. 'जंतुसंसर्ग' आणि 'जंत होणं' यांत फक्त एका उकाराचा फरक आहे, पण जीवशास्त्रात दोन्हींमध्ये प्रचंड अंतर आहे. माझं मत असं की शास्त्रीय लेखनात नुसतं 'जंतू' लिहू नये. जीवाणू, विषाणू, आदिजीव की कवक, ते स्पष्ट लिहावं. कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं. हिवताप आदिजीवामुळे होतो, क्षयरोग जीवाणूमुळे, गोवर विषाणूमुळे, नायटा कवकामुळे. 'हिवतापाचा विषाणू' असं छापलेलं दिसतं तेव्हा वाचणाऱ्याच्या डोक्यात उपचार आणि प्रतिबंध दोन्ही चुकीच्या खणात जाऊन पडतात.

आता 'अणू' ही शेपटी. जीवाणू, विषाणू, बीजाणू, शुक्राणू यांतल्या अणूचा पदार्थविज्ञानातल्या अणूशी संबंध नाही. इथे त्याचा अर्थ 'अतिशय बारीक' एवढाच. जीव + अणू, विष + अणू, बीज + अणू असा संधी सोडवून दाखवला की शब्द आपोआप ध्यानात राहतो. लिहिताना मात्र एक नियम पाळावा लागतो. शब्द एकटा असेल किंवा समासात शेवटी असेल तर दीर्घ: जीवाणू, विषाणू, जंतू. तोच समासात पहिला आला की ऱ्हस्व: जीवाणुशास्त्र, विषाणुजन्य, बीजाणुधानी, जंतुनाशक. 'विषाणूजन्य' आणि 'जंतूनाशक' ही रूपं सर्रास दिसतात, पण शुद्ध नाहीत. विभक्ती लागताना दीर्घच राहतं: जीवाणूंमुळे, विषाणूचा.

शेपटी एकच असल्यामुळे विषाणू हा जीवाणूचा धाकटा भाऊ वाटतो. तो तसा नाही. विषाणूला पेशीच नसते. प्रथिनांचं वेष्टन, आत डीएनए किंवा आरएनए, काहींना बाहेरून मेदाचं आवरण, बस. स्वतःचे रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण) नाहीत, स्वतःचा ऊर्जाव्यवहार नाही. एकपेशीय सजीवांच्या यादीत विषाणू घालणं म्हणूनच चूक. पेशी शून्य असताना 'एक' कुठून आणणार?

'शेवाळ' या शब्दाचीही अशीच गत. बोलीत ओल्या दगडावरचं हिरवं बुळबुळीत जे काही असेल ते शेवाळ, मग ते खरं शैवाल असो वा मॉस. शास्त्रीय 'शैवाल' त्यापेक्षा अरुंद आहे, पण तेही एकसंध नाही. क्लोरेला आणि क्लॅमिडोमोनस हे एकपेशीय हिरवे शैवाल. डायटम हे सिलिकाच्या दुहेरी डबीत राहणारे, वेगळ्याच वंशातले. आणि 'नील-हरित शैवाल' हे तर शैवालच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. त्यांच्या पेशीत केंद्रक नाही, हरितलवकही नाही. गंमत अशी की वनस्पतींमधलं हरितलवक हेच फार पूर्वी पेशीने आत घेतलेल्या सायनोबॅक्टेरियाचं रूपांतर आहे. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली जोरकसपणे मांडलेली ही कल्पना आज सर्वमान्य आहे. नाव बदलायचं तर 'नील-हरित जीवाणू' म्हणावं, नाहीतर सरळ सायनोबॅक्टेरिया.

एक नाव, दोन वस्तू

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेशीच्या भागांची मराठी नावं फार देखणी आहेत. 'पक्ष्म' म्हणजे पापणीचा केस, म्हणून पक्ष्माभिका म्हणजे पापणीच्या केसासारखी दिसणारी बारीक शेपूट. 'कशा' म्हणजे चाबूक, म्हणून कशाभिका. 'छद्म' म्हणजे सोंग, म्हणून छद्मपाद, पायाचं सोंग. लॅटिनमध्येही सिलियम म्हणजे पापणीचा केस आणि फ्लॅजेलम म्हणजे चाबूकच. नावं दिसण्यावरून पडली. दिसणं हा पहिला पुरावा असतो, शेवटचा नव्हे.

युग्लीना या गोड्या पाण्यातल्या एकपेशीय जिवाला कशाभिका असते आणि ई. कोलायलाही कशाभिका असतात. या दोन कशाभिकांत नावाखेरीज काहीही समान नाही. जीवाणूची कशाभिका फ्लॅजेलिन या प्रथिनाची, सुमारे 20 नॅनोमीटर जाडीची पोकळ, पीळदार नळी असते. ती स्वतः हलत नाही. तिच्या बुडाशी एक फिरणारी यंत्रणा असते, ती बहुतेक जीवाणूंत प्रोटॉनच्या प्रवाहावर चालते आणि आख्खी नळी मळसूत्रासारखी गरगर फिरवते. युग्लीनाची कशाभिका त्याच्या दसपट जाड असते, पेशीच्या पटलाने मढलेली असते, आत सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या कडेने आणि दोन सुट्या मधोमध अशी मांडणी असते. डायनीन नावाचं प्रथिन एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) खर्चून या नलिका एकमेकींवर सरकवतं, त्यामुळे ती वाकते, लाटेसारखी. एक फिरते, दुसरी वळवळते. आर्कियांची तिसरीच तऱ्हा. त्यांचं शेपूट फिरतं, पण एटीपीवर, आणि रचनेने जीवाणूंच्या कशाभिकेशी जुळत नाही. त्याला आता आर्किलम असं वेगळं नाव आहे.

याच्या उलट, पॅरामेशियमच्या पक्ष्माभिका आणि युग्लीनाची कशाभिका यांना नावं वेगळी, पण आतली नऊ अधिक दोन ही मांडणी तीच. फरक लांबीचा, संख्येचा आणि हालचालीच्या लयीचा. म्हणजे नावं वेगळी असलेली दोन अवयवं सख्खी भावंडं, आणि एकाच नावाची दोन अवयवं परकी. शिकवताना मी तर सुचवेन की 'जीवाणूची कशाभिका' आणि 'दृश्यकेंद्रकी कशाभिका' असं दर वेळी विशेषणासह लिहावं. दोन अक्षरं वाढतात, पण एक मोठी चूक टळते.

'संयुग्मन' या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. पॅरामेशियमचं संयुग्मन म्हणजे दोन पेशी काही तास एकमेकींना चिकटतात, दोघींची लघुकेंद्रकं (पॅरामेशियमच्या दोन प्रकारच्या केंद्रकांतली लहान) विभागून त्यांचे अर्धे गुणसूत्रसंच बनतात आणि एकेक केंद्रक परस्परांना दिलं जातं. देवाणघेवाण दुतर्फा. जीवाणूंचं संयुग्मन, जे लेडरबर्ग आणि टेटम यांनी 1946 साली ई. कोलायमध्ये दाखवलं, ते एकतर्फी असतं. देणारी पेशी घेणारीला डीएनएचा तुकडा देते, बहुधा प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राहून वेगळं, छोटं डीएनए). स्पायरोगायरा या धाग्यासारख्या शैवालाच्या संयुग्मनात तर एका पेशीतला सगळा ऐवज दुसरीत जातो आणि दोघांचं मिळून एक युग्मनज बनतं. हिशेब मांडून पाहा. पॅरामेशियममध्ये दोन पेशी येतात, दोनच वेगळ्या होतात. जीवाणूंतही दोनाच्या दोन. स्पायरोगायरात दोनाची एक. तिन्ही ठिकाणी संख्या वाढत नाही. म्हणून 'पॅरामेशियम संयुग्मनाने प्रजनन करतो' हे वाक्य टाळावं. संयुग्मनात जनुकांची नवी जुळणी होते, पेशींची संख्या त्यानंतरच्या विभाजनांनी वाढते.

'बीजाणू'चंही तेच. कवकांचे बीजाणू हे प्रजननाचं साधन: एका बीजाणुधानीतून असंख्य बाहेर पडतात, प्रत्येकातून नवा धागा उगवू शकतो. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूंचा अंतर्बीजाणू मात्र एका पेशीतून एकच बनतो आणि त्यातून पुन्हा एकच पेशी उगवते. ती वाईट काळ काढण्याची युक्ती आहे. (स्ट्रेप्टोमायसिससारखे धाग्यांनी वाढणारे काही जीवाणू खरोखर प्रजननासाठी बीजाणू करतात, तेव्हा 'जीवाणूंत कधीच नाही' असंही ठोकून देऊ नये.) आदिजीवांमध्ये वाईट काळ काढण्यासाठी 'पुटी' बनते. पेशी गोल होते, पाणी कमी करते, भोवती जाड कवच घेते. आमांशाच्या एंटामीबा हिस्टोलिटिकाची पिकलेली पुटी 10 ते 20 मायक्रोमीटरची असून तिच्यात चार केंद्रकं असतात.

पुटी आणि अंतर्बीजाणू यांची अदलाबदल केली तर काय बिघडतं? पाणी खळखळून उकळलं की एंटामीबाची पुटी मरते, पण पिण्याच्या पाण्यात वापरतात तेवढ्या क्लोरिनला ती सहज दाद देत नाही. अंतर्बीजाणू मात्र साध्या उकळण्यातूनही तगतो. म्हणून प्रयोगशाळेत माध्यमं (जीवाणू वाढवण्याची पोषक द्रावणं) आणि काचसामान ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली 121 अंश सेल्सिअसला निदान 15 मिनिटं ठेवतात, आणि वेळ मोजायची ती आतलं तापमान 121 वर पोचल्यापासून. मोठ्या बाटलीत दोन लिटर द्रव असेल तर मध्यभाग तापायलाच बराच वेळ लागतो, तिथे 15 मिनिटं अपुरी पडतात आणि दोन दिवसांनी माध्यम गढूळ होतं. दोष यंत्राचा नसतो, अंतर्बीजाणू जिवंत राहिलेले असतात.

काही नावं तर अक्षरशः दुहेरी आहेत. 'प्लाझ्मोडियम' म्हणजे हिवतापाचा परजीवी, आणि 'प्लाझ्मोडियम' म्हणजेच फायसॅरमसारख्या चिकटबुरशीची ती अवस्था, जिच्यात एकाच अखंड जीवद्रव्यात हजारो केंद्रकं असतात. 'प्रोटियस' हे अमीबाच्या एका जातीचं नाव आणि एका जीवाणूच्या प्रजातीचंही. दोन्ही रूपं बदलणाऱ्या ग्रीक देवतेवरून आली. 'बॅसिलस' ही एक प्रजाती आहे, पण दंडाच्या आकाराच्या कोणत्याही जीवाणूलाही बॅसिलस म्हणायची रीत आहे. इथे मराठीने चांगली सोय केली आहे. आकार सांगायचा तर 'दंडाणू' आणि 'गोलाणू' लिहा, प्रजाती सांगायची तर 'बॅसिलस'.

पटल आणि भित्तिका

पेशीपटल (प्रद्रव्यपटल) प्रत्येक पेशीला असतं: मेदाचे दोन थर, त्यांत रुतलेली प्रथिनं, जाडी 7 ते 10 नॅनोमीटर. पेशीभित्तिका त्याच्या बाहेर असते आणि सगळ्यांना नसते. अमीबाला नाही, पॅरामेशियमला नाही (त्याला पेलिकल नावाचं लवचीक पण आकार राखणारं आवरण असतं). जीवाणूंची भित्तिका पेप्टिडोग्लायकॅनची, कवकांची मुख्यतः कायटिन आणि ग्लुकनची, हिरव्या शैवालांत बहुधा सेल्युलोजची. या एका वाक्यावर औषधशास्त्राचा मोठा भाग उभा आहे. पेनिसिलिन पेप्टिडोग्लायकॅनचं विणकाम थांबवतं, म्हणून ते वाढणाऱ्या जीवाणूवर चालतं आणि यीस्टवर चालत नाही. मायकोप्लाझ्मा हा जीवाणूच, पण त्याला भित्तिका नाही, म्हणून त्याच्यावरही पेनिसिलिन चालत नाही. 'प्रतिजैविक' म्हणजे ढोबळमानाने जीवाणूंविरुद्धचं औषध, ते विषाणूवर का फुकट जातं याचंही उत्तर इथेच आहे. मेट्रोनिडाझोलसारखं औषध ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जीवाणूंवर आणि जिआर्डिया, एंटामीबा यांसारख्या आदिजीवांवरही चालतं, कारण त्याचा नेम भित्तिकेवर नसून ऑक्सिजनविना चालणाऱ्या ऊर्जाव्यवहारावर असतो.

भित्तिकेचाच दुसरा शब्द: 'ग्रॅम पॉझिटिव्ह' आणि 'ग्रॅम निगेटिव्ह'. इथला ग्रॅम वजनाचा नव्हे, तो डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांच्या आडनावातला, 1884 सालचा. कृती अशी. काचपट्टीवर जीवाणूंचा पातळ लेप पसरून हवेत वाळवायचा, ज्योतीवरून दोनतीनदा झटकन नेऊन पक्का करायचा. क्रिस्टल व्हायोलेट 1 मिनिट, धुवा. आयोडिनचं द्रावण 1 मिनिट, धुवा. मग अल्कोहोल 10 ते 20 सेकंद, रंग सुटायचा थांबला की लगेच पाण्याखाली. शेवटी सॅफ्रानिन साधारण 1 मिनिट. जाड भित्तिकेचे जांभळे राहतात, पातळ भित्तिकेचे गुलाबी दिसतात. चूक जवळजवळ नेहमी अल्कोहोलच्या पायरीवर होते: जास्त वेळ ठेवलं की जांभळेही गुलाबी होतात, लेप जाड असला की गुलाबीही जांभळे राहतात. शिळ्या वाढीतल्या ग्रॅम पॉझिटिव्ह पेशींच्या भित्तिका जीर्ण झालेल्या असतात, त्याही गुलाबी दिसू लागतात. म्हणून 18 ते 24 तासांची ताजी वाढ घ्यावी आणि त्याच काचपट्टीवर शेजारी माहीत असलेले दोन नमुने लावावेत.

विभाजनाचे शब्द झटपट पाहू. 'द्विविभाजन' म्हणजे एकाचे दोन. अमीबात ते कोणत्याही दिशेने, पॅरामेशियममध्ये आडवं, युग्लीनात उभं. प्लाझ्मोडियममध्ये आधी केंद्रकं अनेक होतात आणि मग पेशी एकदम फुटते, ते 'बहुविभाजन'. यीस्टमध्ये अंगावर कोंब येतो, ते 'कलिकायन', तिथे आई आणि लेक आकाराने सारख्या नसतात. द्विविभाजन हा शब्द जीवाणू आणि अमीबा दोघांनाही लावतात, पण अमीबात आत सूत्री विभाजन (गुणसूत्रांची सारखी वाटणी करणारं केंद्रकाचं विभाजन) घडतं, जीवाणूत ते नसतंच. ई. कोलायला उत्तम परिस्थितीत एका विभाजनाला सुमारे 20 मिनिटं लागतात. हिशेबाने 10 तासांत 30 विभाजनं, म्हणजे एकाचे सुमारे 107 कोटी. प्रत्यक्षात अन्न संपतं, आम्ल साचतं आणि वाढ आधीच मंदावते.

थेंबात पाहून शब्द पक्के करणं

हे शब्द वहीत पाठ करण्यापेक्षा थेंबात पाहावेत. एकेकाळी या सगळ्या जिवांना 'इन्फ्युजोरिया' म्हणत, कारण ते पाण्यात भिजत घातलेल्या गवतात सापडत. तीच पद्धत आजही उत्तम. मूठभर वाळलेलं गवत (फवारणी न केलेलं) एक लिटर पाण्यात 10 मिनिटं उकळा, गाळू नका, पूर्ण थंड होऊ द्या. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन उडून जाण्यासाठी आधी दिवसभर उघडं ठेवा. एक दिवस तसंच राहू द्या, मग तळ्याचं किंवा डबक्याचं पाणी दोनतीन चमचे घाला. भांड्यावर विरळ कापड बांधा. घट्ट झाकण लावलं तर ऑक्सिजन संपतो, कुजका वास येतो आणि पक्ष्माभिका असलेले बहुतेक जीव मरतात. थेट उन्हातही ठेवू नका.

पहिल्या एकदोन दिवसांत पाणी गढूळ होतं आणि वर साय धरते, ते जीवाणू. मग त्यांना खाणारे छोटे कशाभिकाधारी येतात, आणि साधारण आठवड्याभरात पक्ष्माभिकाधारी, त्यांत पॅरामेशियम. थेंब सायीच्या लगत घ्या, मधल्या पाण्यातून नको. आधी 40 किंवा 100 पट मोठं करून पाहा. सुरुवातीलाच 400 पट लावलं तर पॅरामेशियम क्षणात नजरेबाहेर जातो. त्याला अडवण्यासाठी कापसाचे चारसहा तंतू विंचरून थेंबात टाका किंवा मेथिल सेल्युलोजचं दाट द्रावण एक थेंब मिसळा. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांना व्हॅसलिनचा बारीक ठिपका लावला तर काच पेशींवर दाबून बसत नाही.

आता आकुंची रिक्तिका, म्हणजे भरून आकसणारी पिशवी, शोधा. पॅरामेशियममध्ये दोन असतात, पुढे एक, मागे एक, चांदणीसारख्या नलिकांनी वेढलेल्या. त्या भरतात आणि काही सेकंदांनी एकदम नाहीशा होतात. यांचं काम 'उत्सर्जन' असं लिहिलेलं असतं, पण मुख्य काम पाण्याचा निचरा. पेशीतलं द्रव बाहेरच्या गोड्या पाण्यापेक्षा खारं असतं, त्यामुळे परासरणाने पाणी सतत आत शिरतं. ते बाहेर फेकलं नाही तर पेशी फुगून फुटेल. अमोनिया तर पृष्ठभागातूनच विसरण पावतो. पडताळा सोपा आहे. कव्हरस्लिपच्या कडेला 0.3 टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब लावा आणि समोरच्या कडेने टिपकागद लावून तो आत ओढा. दोन आकुंचनांमधलं अंतर वाढतं. मीठ जास्त झालं तर पेशी सुरकुतते आणि निष्कर्ष काढण्यासारखं काही उरत नाही.

अन्नरिक्तिकेसाठी (गिळलेलं अन्न पचवणाऱ्या पिशवीसाठी) चिमूटभर यीस्ट काँगो रेडच्या 0.1 टक्के द्रावणात 10 मिनिटं उकळून गार करा आणि अगदी थोडं, सुईच्या टोकावर मावेल इतकं, पॅरामेशियमच्या थेंबात घाला. काही मिनिटांत आत लाल गोळे दिसतात. पुढच्या वेळात त्यांतले काही निळसर होतात. काँगो रेड आम्लात निळं पडतं, म्हणजे त्या रिक्तिकेत आम्ल सुटलं. नंतर आम्ल कमी होऊन तांबूस रंग परततो. हा रंग हाताळताना हातमोजे घाला, तो अंगाला लागू देण्याजोगा नाही. यीस्ट जास्त पडलं तर सगळंच लाल दिसतं आणि रिक्तिका वेगळी ओळखू येत नाही.

चित्र काढताना फक्त दिसलेलं काढा आणि दिसलेल्याच भागांना नावं द्या. 400 पटीवर तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) ओळखू येत नाही, ती पुस्तकातून चित्रात आणू नका. बृहत्केंद्रक (दोन प्रकारांतलं मोठं केंद्रक) रंगवल्याशिवाय पुसट दिसतं. मेथिल ग्रीन आणि ॲसिटिक आम्लाच्या द्रावणाने ते हिरवं उठून दिसतं, पण त्याने पेशी मरते, तेव्हा रिक्तिका आधी पाहून घ्या. लघुकेंद्रक बहुधा त्याच्या खळग्यात चिकटलेलं असल्यामुळे सापडत नाही. सापडलं नाही तर चित्राशेजारी 'दिसले नाही' असं लिहा, आणि खाली पट व मोजलेली लांबी मायक्रोमीटरमध्ये द्या.